तोंड फिरवणार नाही

मंजुषा जाधव कुणाला कुंकू लावते तेव्हा आधी डाव्या हाताने समोरच्या बाईची हनुवटी धरते. अलगद, चार बोटं गालाखाली आणि अंगठा हनुवटीवर. मग उजव्या हाताचं बोट येतं आणि कुंकू बरोबर दोन भुवयांच्या मध्ये टेकतं. उम्म अल कुवैनपासून अबू धाबीपर्यंतच्या मराठी बायकांत या हनुवटी धरण्याचं फार कौतुक आहे. आई आठवली म्हणून पदराला डोळे पुसणाऱ्याही त्यांत आहेत. एवढी मोठी खेळाडू, पण किती माया, असं त्या एकमेकींना सांगतात.

माया होती, नाही असं नाही. पण हनुवटी धरण्याचं कारण ते नव्हतं. मंजुषाला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. एका डोळ्याने माणूस दिसतो, रंग दिसतो, पण समोरची वस्तू नक्की किती लांब आहे ते कळत नाही. चहा कपाच्या काठावर सांडतो, किल्ली कुलपाच्या अलीकडेच फिरते. म्हणून आधी एका हाताने वस्तू धरायची आणि मग दुसरा हात तिथे न्यायचा, हे तिने स्वतःला शिकवलं होतं. बावीस वर्षांत कुणाला संशय आला नाही. ठाऊक होतं ते तिघांनाच. एक तिचे वडील, ते वारले. दुसरे मिरजेचे डॉक्टर, त्यांना आता तिचं नावही आठवत नसेल. तिसरा तिचा नवरा रणजित. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तिने त्याच्या मांडीवर चहा ओतला, तेव्हा त्याला ते कळलं होतं आणि त्याने मांडी चोळत ते पोटात ठेवलं होतं.

आता हँडबॉल म्हटलं की आपल्याकडे दहातल्या आठ जणांना व्हॉलीबॉल वाटतो आणि उरलेल्या दोघांना फुटबॉलमधला फाउल. असल्या खेळात नाव कमवणं म्हणजे काय ते कमावणाऱ्यालाच माहीत. तरीही सांगलीकडच्या त्या तालुक्याच्या गावाने मंजुषाला डोक्यावर घेतलं होतं. ती महाराष्ट्राच्या महिला संघाची गोलकीपर होती. हँडबॉलच्या गोलकीपरला हातमोजे नसतात. सहा मीटरवरून उडी मारून फेकलेला बॉल हाताने, पायाने, छातीने, जसा जमेल तसा अडवायचा. मंजुषा अडवायची. ती गोलमध्ये उभी राहिली की गावची पोरं बाजी लावायची, किती अडवेल यावर नाही, किती सुटतील यावर.

जबलपूरच्या राष्ट्रीय फायनलमध्ये महाराष्ट्र एकवीस-वीसने पुढे होता आणि घड्याळात चार सेकंद उरले होते. समोरच्या संघाची डावखुरी मुलगी उडी मारून वर गेली आणि तिने बॉल सोडला. तो मंजुषाच्या तोंडावर आदळला आणि बाहेर गेला. भुवई फुटली, रक्ताची धार लागली, कप हातात आला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आणि वर ठळक अक्षरांत मथळा: ‘मंजुषाने तोंड फिरवले नाही!’ गावातून ट्रकवर मिरवणूक निघाली. एस.टी. स्टँडसमोर सहा महिने बॅनर होतं. वडापच्या जीपवाले तिच्याकडून भाडं घेत नसत, आणि त्या वर्षी जन्मलेल्या चार-पाच मुलींची नावं मंजुषा ठेवली गेली. तिला कुणी काही विचारलं नाही. मथळा छापून झाला होता, आता विचारायचं काय राहिलं?

विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की तिला बॉल दिसलाच नव्हता. तिच्याच बचावपटूची पाठ मध्ये आली होती. बॉल दिसला तेव्हा तो नाकापुढे होता. दिसला असता तर चारचौघींसारखं तिनेही तोंड फिरवलं असतं.

चौथ्या दिवसापासून डोळ्यापुढे काळे ठिपके नाचू लागले. मग कडेने कुणी दार लोटत आणावं तशी सावली पुढे सरकू लागली. पण भारताच्या संघाचं शिबिर पंधरवड्यावर आलं होतं. ती मूग गिळून बसली. सतराव्या दिवशी वडिलांनी तिला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी दिवा डोळ्यात धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पडदा सुटलाय. ठिपके दिसले तेव्हाच आली असतीस तर काही करता आलं असतं." घरी येताना वडील एवढंच बोलले की हे बाहेर काढायचं नाही, लग्न व्हायचंय. चोवीस वर्षांच्या मंजुषाने खेळ सोडत असल्याचं जाहीर केलं. लोक म्हणाले, शिखरावर असताना थांबायला मोठं मन लागतं. त्याचाही सत्कार झाला.

रणजित जाधवाचा मसाल्याचा धंदा. कांडप यंत्रं उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, गोदाम रास अल खोरला. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी त्याने नवं पाकीट काढलं, ‘चॅम्पियन कांदा-लसूण मसाला’, आणि त्यावर गोलमध्ये झेपावलेल्या मंजुषाचा फोटो टाकला. खाली लाल अक्षरांत लिहिलं: ‘एकदा चाखाल, तोंड फिरवणार नाही!’ पाकीट धो धो खपलं. हँडबॉल माहीत नसलेल्या लोकांच्या स्वयंपाकघरात हँडबॉलची गोलकीपर जाऊन बसली. कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतला मल्याळी दुकानदार तिला बघितलं की ओरडायचा, "मॅडम! मसाला!" मंजुषा हसायची. तिला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं. डोळा गेला तो गेला, पण काहीतरी मिळवून देऊन गेला, या एका समजुतीवर तिने बावीस वर्षं काढली होती.

आणि आता तिची पंधरा वर्षांची इरा गोलमध्ये उभी राहत होती.

कुणी लावलं नव्हतं, पोरीने आपणहून खेळ निवडला होता. शारजातल्या एका क्लबच्या सोळा वर्षांखालच्या मुलींचा संघ, आणि जर्सीचा नंबर बारा, आईचाच. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी फायनल होती. त्याच्या आधीच्या मंगळवारी प्रॅक्टिस संपल्यावर कोच सलवा स्टँडकडे आली. ही ट्युनिशियाची, उंच, आवाज असा की सगळा हॉल ऐकायचा. पण त्या दिवशी ती हळू बोलली.

"मॅडम, युअर डॉटर गिव्हज हर फेस टू द बॉल."

मंजुषाला आधी कळलं नाही. सलवाने स्वतःचे दोन्ही हात तोंडापुढे आणून दाखवले. बॉल वर आला की हात असे हवेत, आणि तरी चुकलाच तर मान वळवायची, हे ती सगळ्यांना पहिल्या दिवसापासून शिकवते. इरा मान ताठ ठेवते आणि तोंड पुढे काढते. सलवाने संरक्षक गॉगल आणून दिला, तो बॅगेतच पडून आहे. रागावलं तर एकच उत्तर, माय मदर डिडन्ट टर्न.

"आय प्लेड ट्वेल्व्ह इयर्स," सलवा म्हणाली. "आय सॉ व्हॉट हॅपन्स. प्लीज, मॅडम. यू टेल हर. फ्रॉम मी शी विल नॉट लिसन."

मंजुषाने मान हलवली आणि इराकडे बघितलं. पोरगी बाटलीतून घटाघटा पाणी पीत होती. तिच्या उजव्या गालावर बॉलची लाल गोल खूण उमटली होती, डोळ्यापासून दोन बोटं खाली.

घरी जाताना मागच्या सीटवर इरा कानात गाणी लावून बसली होती. रणजित गाडी चालवत होता. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे मंजुषाच्या आंधळ्या बाजूला. नवऱ्याचं तोंड बघायचं तर तिला पूर्ण मान वळवावी लागते. या देशात आल्यापासून गाडीतली निम्मी भांडणं तिने त्याच्याकडे न बघताच केली होती.

"अहो, तिला सांगायला हवं," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"गॉगल घाल म्हणून सांग ना. त्यात काय?"

"कोच सांगून थकली."

"मग तू आई म्हणून सांग. बाकीचं सगळं कशाला काढायचं? एवढ्या वर्षांपूर्वी खलास झालेली गोष्ट." त्याने आरशातून मागे इराकडे बघितलं. "लोकांना काय वाटेल, ते जाऊ दे. पाकिटाचंही जाऊ दे. तुला सहन होईल का, एवढंच बघ."

"ती आईचं ऐकत नाही हो. ती फक्त पाकिटावरच्या बाईचं ऐकते."

मंजुषाने मागे वळून हात लांबवला आणि इराच्या गुडघ्यावर टेकला. इराने एका कानातलं इयरफोनचं बोंडुक काढलं.

"इरा, गॉगल का नाही घालत?"

"आई, प्लीज. इट्स सो अग्ली. आणि तू घातला होतास का?"

"तेव्हा मिळत नव्हते."

"मिळाले असते तरी तू नसता घातलास. यू आर नॉट लाइक दॅट." आणि बोंडुक परत कानात गेलं.

पुढचे तीन दिवस मंजुषा रोज ठरवायची आणि रोज रात्रीच्या भाकरीबरोबर ते ठरवणं गिळून टाकायची. या बाईने नव्वद किलोमीटरच्या वेगाने येणारे बॉल अंगावर घेतले होते, आणि पोटच्या पोरीला दोन वाक्यं सांगायची तिची छाती होत नव्हती. शेवटी तिने स्वतःला समजावलं, शनिवारी सांगू. सगळ्यांसमोरच सांगू. एकदा चारचौघांत बोललं की परत घेता येणार नाही.

शनिवारी दुपारी अबू धाबीच्या अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरच्या क्लबहाउसमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सत्तर-पंचाहत्तर बायका, सगळ्या काळ्या साड्यांत, एसीत कुडकुडत. वाण म्हणून प्रत्येकीला चॅम्पियन मसाल्याचं पाकीट द्यायचं ठरलं होतं. त्याचे खोके दाराशी रचलेले होते आणि प्रत्येक खोक्यावर मंजुषा झेपावत होती. कार्यक्रम सविता देशपांड्यांच्या हातात. एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या सविताताईंच्या हातात माइक आला की सुटत नसे.

"तर मैत्रिणींनो, आज एक सरप्राइज! मंजुषाताईंचा तो ऐतिहासिक क्षण आपण बिग स्क्रीनवर बघणार आहोत. यल्ला, चला, दिवे घालवा!"

कुणीतरी जुन्या टेपवरून उतरवलेली क्लिप होती, फिकट आणि थरथरणारी. डावखुरी मुलगी वर गेली. पाठ मध्ये आली. बॉल. मग तेच पुन्हा, संथ गतीने. मंजुषा पडद्याकडे बघत नव्हती, ती इराकडे बघत होती. पोरगी पहिल्या रांगेत फोन वर धरून सगळं टिपून घेत होती आणि तिचे दोन्ही डोळे पडद्याच्या उजेडात चमकत होते. दोन्ही.

दिवे लागले. सगळ्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. सविताताईंनी माइक मंजुषाच्या हातात दिला.

"खरं सांगू का," मंजुषा म्हणाली.

हॉल शांत झाला. तिला पुढचं वाक्य पाठ होतं. सकाळपासून शंभर वेळा मनात म्हणून झालं होतं. मला बॉल दिसलाच नव्हता, आणि त्याने माझा डोळा नेला. एवढंच होतं.

"सांगा ना ताई," सविताताई मध्येच म्हणाल्या. "त्या क्षणी मनात काय आलं?"

पंचाहत्तर तोंडं तिच्याकडे लागली होती. प्रत्येक तोंडावर तेच कौतुक होतं, जे तिने गावात ट्रकवर उभं राहून पहिल्यांदा पाहिलं होतं.

"मनात एकच होतं," मंजुषा म्हणाली. "तोंड फिरवायचं नाही."

टाळ्यांनी छत हाललं. इराने फोन खाली ठेवून दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली.

मग तासभर मंजुषाने कुंकू लावलं. एकेक हनुवटी धरली, एकेक कपाळावर बोट टेकलं, आणि प्रत्येक वेळी स्वतःचा संताप आला. एका म्हाताऱ्या बाईने तिचा तोच हात आपल्या गालाशी दाबून धरला, तेव्हा मंजुषाला रडू फुटलं. बायकांना वाटलं, भरून आलं असेल.

परत येताना गाडीत इराने फोन पुढे केला. क्लिप आणि आईचं वाक्य जोडून तिने सगळ्या मैत्रिणींना पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं: माय मदर. टुमारो, मी.

रविवारी सकाळी नऊला मंजुषाने ताट केलं. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, हळदकुंकवाची कोयरी. मॅचला निघण्याआधी औक्षण करायचं ही त्यांच्या घरची पद्धत. तिची आई तिलाही ओवाळायची. इरा बारा नंबरची जर्सी घालून पाटावर बसली, पायात बूट तसेच. रणजित गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता.

मंजुषा समोर बसली. बोट कुंकवात बुडवलं. डावा हात सवयीने उठला, आणि तिने तो मांडीवर परत ठेवला.

"आई, तू हनुवटी नाही धरलीस," इरा हसून म्हणाली.

"आज नाही धरत. डोळे मिटू नकोस. माझ्याकडे बघ."

तिने उजवा हात पुढे नेला. कपाळ तिला दिसत होतं, चांगलं स्वच्छ दिसत होतं, पण ते वीतभर लांब आहे की बोटभर, हे कळत नव्हतं. ती थांबली नाही. बोट वेगाने पुढे गेलं आणि नेम चुकून थेट पोरीच्या उजव्या डोळ्यावर.

इराने झटकन तोंड फिरवलं. कुंकू कानशिलावर ओढलं गेलं.

"आई! व्हॉट आर यू डुइंग? डोळ्यात गेलं असतं!"

"फिरवलंस तोंड," मंजुषा म्हणाली. "शहाणी माझी. असंच फिरवायचं."

इरा बघत राहिली. मंजुषाने नेहमीचा चष्मा काढला आणि ताटाशेजारी ठेवला.

"मी मुद्दाम नाही केलं, बाळा. मला कळतच नाही कपाळ कुठे आहे ते. हनुवटी धरली तरच कळतं. हा डोळा त्या बॉलने गेला, जबलपूरला. मी तोंड पुढे केलं नव्हतं. मला बॉल दिसलाच नाही. दिसला असता तर मीही तोंड फिरवलं असतं, आणि गोल झाला असता, आणि माझा डोळा राहिला असता. काल मी सगळ्यांसमोर खोटं बोलले."

"यू कान्ट सी? ॲट ऑल?" इराने आईच्या डाव्या डोळ्यापुढे हात हलवला. पापणीसुद्धा हलली नाही. ती वळून बापाकडे बघू लागली. रणजितने मान खाली घातली होती.

"कधीपासून?" या वेळी इराने मराठीत विचारलं.

"तू जन्मायच्या आधीपासून. या डोळ्याने मी तुला एकदाही बघितलेलं नाही."

निरांजनाची वात फडफडली, ती रणजितने वाकून सारखी केली. मग इराने आईचा डावा हात मांडीवरून उचलला, चार बोटं आपल्या गालाखाली आणि अंगठा हनुवटीवर, जिथे असायचा तिथे बरोबर नेऊन ठेवला.

"आता लाव," ती म्हणाली.

कुंकू दोन भुवयांच्या मध्ये टेकलं.

फायनल अटीतटीची झाली. इराने गॉगल घातला होता, घामाने तो सारखा घसरत होता आणि सलवा बाजूने ओरडत होती. मंजुषा रणजितच्या डावीकडे बसली होती, म्हणजे तो तिला दिसत होता. स्टँडमध्ये कालच्या हळदीकुंकवातल्या चार-पाच बायका मुद्दाम आल्या होत्या. सविताताईंनी हातात पाकिटाच्या फोटोचं पोस्टर धरलं होतं.

शेवटचे दोन सेकंद उरले होते आणि दोन्हीकडे अठरा-अठरा. समोरची लांब वेणीची मुलगी रेषेवरून उडाली आणि तिने बॉल सरळ वर, तोंडाच्या रेषेत मारला. इराचे हात तोंडापुढे आले आणि मान वळली. बॉल तिच्या बोटांना घासून जाळ्यात गेला. शिट्टी वाजली. मॅच गेली.

"अरेरे!" सविताताई म्हणाल्या. "फिरवलंन् हो तोंड!" पोस्टर आपोआप खाली आलं.

आणि त्या सुन्न स्टँडमध्ये एकटीच बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. पाकिटावरची. जोरजोरात वाजवत होती. तळहात लाल झाले, तरी ती वाजवत राहिली. खाली गोलमध्ये इराने गॉगल वर केला आणि दोन्ही डोळ्यांनी आईला शोधलं.